खालच्या मुक्या पट्ट्या

रेकॉर्डिंग स्टुडिओत किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून पंखा बंद, दार बंद, खिडकीला गाद्या ठोकलेल्या, आणि आत चार माणसं घामाघूम! तासाभरात एक तरी किस्सा झाल्याशिवाय राहतच नाही. मी बीडला अशा स्टुडिओत आठ वर्षं काढली. आजही मित्र भेटले की म्हणतात, "मन्मथ, स्टुडिओचे किस्से सांग ना बे!" मी सांगतो, ते पोट धरून हसतात, आणि घरी आल्यावर मला चोरट्यासारखं वाटत राहतं.

कारण असं की, लोकांच्या किश्श्यांत गाढव दुसराच कोणीतरी असतो. माझ्या किश्श्यांत दर वेळी मीच निघतो. त्यातल्या एका किश्श्यात तर गाढव म्हणून सुटून जाण्याचीही सोय नाही. तो मी मित्रांना सांगत नाही. आज सांगणार आहे, पण जरा वेळानं. आधी बाकीचे ऐका.

*

ते खाउजाचे दिवस. खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण. पेपरात रोज मोठे मोठे लेख यायचे. आमच्या बीडात त्यातलं काय पोचलं? एसटीडी बूथ, केबलची वायर आणि गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास.

माझे चुलते अप्पा. भाजी मंडईजवळ त्यांचं भांड्यांचं दुकान. एक दिवस अप्पांच्या डोक्यात आलं की भक्तिगीतांच्या कॅसेटी काढायला लोकांनी पुण्या-मुंबईला कावून जायचं? दुकानाच्या माडीवर स्टुडिओ काढू! मला थोडीफार पेटी वाजवता यायची, म्हणून मला सहा आठवडे पुण्याला एका स्टुडिओत शिकायला धाडलं.

सहा आठवड्यांत मी वायरी गुंडाळायला शिकलो. खोटं कशाला बोलू? तिथला प्रोग्रामर कॉम्प्युटरसमोर बसायचा आणि मला दिसायची त्याची पाठ. पाठीमागून मान लांब करकरून तो कोणती पट्टी कधी दाबतो ते मी वहीत उतरवून घेतलं. का दाबतो ते विचारायचं धाडस झालं नाही.

परत आलो तर अप्पांनी सगळ्या बाजारात सांगून ठेवलेलं, "आमचा मन्मथ पुण्याहून प्रोग्रामर होऊन आलाय!" दुसऱ्या दिवसापासून लोक मला 'सर' म्हणायला लागले. वयानं दुप्पट असलेली माणसंसुद्धा! तेव्हाच म्हणायला हवं होतं, अहो, मला फक्त वायरी गुंडाळता येतात. नाही म्हणालो. 'सर' ऐकायला लई गोड वाटत होतं.

*

पुढचं कळायला एक गोष्ट सांगतो. अवघड नाही.

आमच्या कॉम्प्युटरमध्ये खऱ्या ऑर्केस्ट्राचे आवाज होते. कुणाकडून तरी सीड्यांवर कॉपी करून आणलेले. पेटीसारखा कीबोर्ड वाजवायचा आणि आतून पन्नास व्हायोलिनं वाजायची. आता व्हायोलिन वाजवायच्या तऱ्हा असतात. गज लांब ओढायचा, तुटक तुटक मारायचा, बोटानं तार छेडायची, नाहीतर गज थरथरवायचा. यातली कोणती तऱ्हा हवी ते सांगण्यासाठी कीबोर्डच्या पार डाव्या टोकाला चार पट्ट्या होत्या. त्या दाबल्या तर आवाज येत नाही. फक्त व्हायोलिनला हुकूम जातो, आणि पुढचा हुकूम येईपर्यंत ते त्याच तऱ्हेनं वाजत राहतं. गाण्याच्या सुरांबरोबर हे हुकूमही कॉम्प्युटरमध्ये साठतात. पडद्यावर वर सुरांच्या काड्या, तळाला हुकमांच्या काड्या.

आमचे ढोलकीवाले रहीमचाचा. अर्धं आयुष्य कव्वालीत आणि अर्धं तमाशात काढलेलं. त्यांनी पहिल्याच दिवशी डावीकडची पट्टी दाबली. परत दाबली. कान लावून ऐकलं.

"क्या बे मन्मथ, ये तो मुकी है!"

"चाचा, ती वाजत नाही. ती व्हायोलिनला हुकूम देते."

चाचांनी मान डोलावली. "समज गया. आमच्या वॉर्डाच्या मेंबरसारखी. सोता काही करायचं न्हाई, दुसऱ्याला कामाला लावायचं!"

तेव्हापासून त्या 'मुक्या पट्ट्या'. पडद्यावर त्या तऱ्हांची लांबलचक इंग्रजी नावं यायची. मला ती वाचता येत नव्हती, हे चाचांना पहिल्या आठवड्यातच कळलं. त्यांनी कुणालाही न सांगता नवी नावं ठेवली. लांब, तुटक, चिमटा, थरथर. मी पट्ट्यांवर चिकटपट्टीनं ती नावं लावली. आल्यागेल्याला सांगायचो, "आमची सिस्टीम आम्ही मराठीत करून घेतलीये!" लोक वा वा म्हणायचे. चाचा ढोलकीची दोरी आवळत राहायचे.

*

उद्घाटनाचा किस्सा. अप्पा पक्के शिवभक्त. कॉम्प्युटरला हार घातला, नारळ फोडला (माइकवर पाणी उडालं, ते वेगळंच) आणि कीबोर्डला विभूतीची तीन बोटं ओढली. नेमकी कुठं? सगळ्यात डावीकडच्या पट्टीवर. शुभकार्याची सुरुवात पहिल्यापासून!

विभूती फटीत गेली आणि पट्टी खाली बसली ती बसली. पहिलाच हुकूम 'लांब', तोच सारखा जात राहिला. आता व्हायोलिन काही केल्या लांब सोडून दुसरं वाजेना. लग्नातल्या नाचाच्या गाण्याची ऑर्डर आलेली, आणि व्हायोलिनं अशी काही हंबरडा फोडून वाजायची की वाटावं नवरीच्या आधी वरातच रडायला लागली.

अप्पांनी विचारलं, "काय झालं रं?"

मला चांगलं माहीत होतं. पण अप्पांच्या विभूतीला दोष कोण देणार? मी म्हणालो, "कंपनीचा माल खराब निघाला, अप्पा."

अप्पांनी औरंगाबादच्या दुकानदाराला एसटीडीवरून अर्धा तास शिव्या घातल्या. त्या बिचाऱ्यानं नवी पट्टी पाठवून दिली, आणि वर माफी मागितली! ही माझी पहिली थाप. पचली. वाईट झालं की पचली.

*

दुसरी भानगड. गाणं सुरुवातीपासून लावलं की ठीक, पण मधूनच लावलं तर व्हायोलिनं वेड्यासारखी वाजायची. आज कारण सांगता येतं. हुकूम गाण्याच्या सुरुवातीला दिलेला असतो. मधून सुरू केलं की तो पोचतच नाही, मग व्हायोलिन आधीच्याच तऱ्हेनं चालू राहतं. तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. अप्पा पाहुण्यांना घेऊन यायचे, म्हणायचे, "तो मधला भारी तुकडा लाव रे!" आणि मी लावला की फजिती.

एकदा वैतागून मी बोलून गेलो, "अप्पा, देवाचं गाणं मधून लावू नये. चालत नाही."

अप्पा गंभीर झाले. त्यांना ते पटलं! दुसऱ्या दिवशी पेंटरकडून पाटी रंगवून आणली आणि कॉम्प्युटरच्या वर ठोकली. 'गाणे मधून लावू नये. हुकमावरून.'

त्यानंतर जो पाहुणा येईल त्यानं अख्खं गाणं पहिल्यापासून ऐकायचं. एक विस्तार अधिकारी फक्त सही द्यायला आले होते. अप्पांनी त्यांना उभ्यानं आठ गाणी ऐकवली. कुणी घड्याळ बघितलं की अप्पा पाटीकडे बोट दाखवायचे. पुढं पुढं शेजारचा पानवालासुद्धा आपल्या टेपवर भजन मधून लावेना. माझी एक थाप अख्ख्या गल्लीचा रिवाज होऊन बसली. मला हसू यायचं आणि पाटीकडे बघवायचंही नाही.

*

नगरपालिकेच्या निवडणुकीत एका उमेदवाराचं प्रचारगीत केलं. 'आला रे आला' छापाचं. मी 'थरथर'चा हुकूम दिला आणि परत फिरवायला विसरलो. उमेदवाराचं नाव आलं की मागं पन्नास व्हायोलिनं थरथरायची. पडद्यावर खलनायक जिना उतरतो तेव्हा वाजतात ना, तश्शी!

कॅसेट रिक्षावर वाजली तेव्हा मी घरात लपलो. संध्याकाळी उमेदवार स्वतः आले. माझी पाचावर धारण बसली. त्यांनी माझा हात हातात घेतला. "सर, काय वजन आणलंय नावाला! लोक दचकून बघतेत!"

दुसऱ्या दिवशी त्यांचा विरोधक आला. "त्यांच्यासारखंच थरथरतं पाहिजे. जरा जास्तच टाका."

चाचा म्हणाले, "मन्मथ, तेरी गलती का भी मार्केट है!" तेव्हा मीही हसलो. चूक केली तरी लोक वा म्हणतात, अशी सवय लागत चालली होती.

*

आता गयाबाई.

उमापूरकडच्या एका वस्तीवरच्या. नवरा-बायको दोघं दर साली दिवाळी झाली की टोळीबरोबर ऊस तोडायला जायचे. बाई वयानं पस्तिशीच्या आसपास. दसऱ्याच्या सुमारास माडीवर आल्या, चपला पार खाली दुकानाच्या पायरीशी काढून. अप्पांनी विचारलं, "कोणाचं गाणं?"

"माझंच हाय. मीच जोडलंय. गावच्या देवीचं."

चाचा म्हणाले, म्हणा बघू. बाईंनी पदर सावरला आणि उभ्यानं सुरू केलं. काय सांगू तुम्हाला! चाचांचा हात ढोलकीकडे गेला आणि मधेच थांबला. अप्पांनी खालच्या गिऱ्हाइकाला "नंतर या" म्हणून हाकललं. हे अप्पांनी जन्मात केलं नव्हतं.

गाणं झाल्यावर बाई म्हणाल्या, "आमच्या देवीची जत्रा मार्गशीर्षात असती. तवा आमी कारखान्यावर. बारा वर्सं झाली, जत्रा बघितली न्हाई. कॅसेट झाली तर जत्रेत लागंल. मी न्हाई, तर माझा आवाज तरी जाईल देवीपुढं."

एवढंच पाहिजे होतं त्यांना. अप्पा लगेच म्हणाले, "करू! दिवाळीच्या आत करू!"

*

रेकॉर्डिंगचा दिवस. संगीत मी आधीच भरून ठेवलं होतं, ते आमच्या नेहमीच्या माधुरी मॅडमच्या आवाजाच्या हिशोबानं. मॅडम कॉलेजात गाणं शिकवायच्या आणि काळी चारमध्ये गायच्या. गयाबाईंचा आवाज लागायचा काळी पाचमध्ये. म्हणजे मधली पांढरी धरून दोन पट्ट्या वर. काही हरकत नाही! सगळं गाणं सिलेक्ट करायचं, एक बटण दाबायचं, सगळं दोन पट्ट्या वर सरकतं. त्या बटणाचा मला कोण अभिमान! चार माणसं बघत असली की मी ते जरा हात उंच करूनच दाबायचो.

दाबलं. गयाबाई माइकसमोर, कानावर हेडफोन. चाचा ढोलकी घेऊन. अप्पा काचेपलीकडे हात जोडून. सुरुवातीला व्हायोलिनांचा लांब, भरून येणारा सूर होता. मी गाणं सुरू केलं.

टुण. टुण. टुण टुण.

देवीच्या गाण्याला 'चिमटा' लागलेला! पुढं तुटकच्या जागी थरथर. गयाबाई दचकून थांबल्या. परत लावलं. परत टुण टुण. तिसऱ्यांदा तेच. बाईंनी तशातही सूर धरायचा प्रयत्न केला, पण मागं असं माकडाच्या खेळासारखं वाजत असताना कोण गाणार?

अप्पांनी दार उघडलं. "काय भानगड हाय?"

मला काहीही कळलेलं नव्हतं. कपाळावरून घाम डोळ्यात उतरत होता. सगळे माझ्याकडे बघत होते, 'सर' काय सांगतात म्हणून. मला कळत नाही, हे तीन शब्द बोलायचे होते फक्त.

मी म्हणालो, "बाईंचा सूर हलतोय, अप्पा. कॉम्प्युटरला सूर सापडत नाहीये."

हेच म्हणालो, शब्द न् शब्द.

अप्पा म्हणाले, "मग खाली घेऊन बघ." मी पुन्हा काळी चारवर आणलं. व्हायोलिनं झक्कास वाजायला लागली! पण गयाबाईंचा आवाज तेवढ्या खाली उतरेना, अंतऱ्यातले खालचे सूर घशातच राहिले. दुसऱ्या दिवशी माधुरी मॅडमना बोलावलं. मॅडम काळी चारमध्ये गायल्या. सगळं चोख.

अप्पा म्हणाले, "बघा! कॉम्प्युटर कशाला खोटं बोलंल?"

तेव्हा असंच होतं हो. दहावीचा निकाल कॉम्प्युटरवर, रेल्वेचं तिकीट कॉम्प्युटरवर, लग्नाची कुंडलीसुद्धा कॉम्प्युटरवर. कॉम्प्युटर म्हणाला म्हणजे विषय संपला. आणि खरं सांगू? मॅडमचं गाणं नीट झालेलं बघून मलाही आतून वाटायला लागलं की आपण म्हणालो ते खरंच असेल. तेवढाच जीव भांड्यात पडला.

गयाबाई दारात उभ्या राहून मॅडमचं गाणं ऐकत होत्या. मला म्हणाल्या, "सर, मी ल्हानपणापासून गाते. आजवर कुणी म्हणलं न्हवतं. पर मशीनच म्हणतंय म्हणल्यावर..." मग त्यांनी कॉम्प्युटरला हात जोडले. "तुमचा लई टाइम खाल्ला," म्हणाल्या, आणि जिना उतरून गेल्या.

चाचा त्या दिवशी चहा न घेताच घरी गेले.

*

कॅसेट निघाली, मॅडमच्या आवाजात. कव्हरवरचा मजकूर लिहायचं काम माझंच. गायिका म्हणून मॅडमचं नाव टाकलं. संगीत संयोजन म्हणून माझं, ठळक अक्षरात. गीत कुणाचं, तिथं पेन अडलं. गयाबाईंचं नाव टाकलं तर लोक विचारणार, मग त्यांनीच का नाही गायलं? मी लिहिलं, 'पारंपरिक'.

मार्गशीर्षात जत्रेला गेलो. अप्पांनी कॅसेटींचा ठेला लावला होता. देवळावरच्या कर्ण्यातून गाणं चालू होतं. जिलबीवाला झारा थांबवून शेजाऱ्याला म्हणाला, "आरं, हे तर आपल्या गयाचं गाणं! पर म्हणतंय कोण?"

मी जिलबीच्या कढईत बघत उभा राहिलो. त्या वेळी गयाबाई कुठंतरी उसाच्या फडात होत्या आणि जत्रेत त्यांचं गाणं दुसरीच बाई म्हणत होती.

*

माघ महिन्यात एक भजनी बुवा आले. भारदस्त, खालचा आवाज. मी गाणं एक पट्टी खाली सरकवलं, हात उंच करून वगैरे. सुरू केलं. व्हायोलिनं पुन्हा वेडीवाकडी!

मी सवयीनं तोंड उघडलं, "बुवांचा सूर..."

चाचांनी ढोलकीवर थाप मारली. "किसका सूर बे? बुवा तो नीचे चाय पी रहे!"

खरंच की! खोलीत गाणारं माणूसच नव्हतं. मी आणि चाचा, दोघंच.

चाचा उठले, चष्मा पुसला आणि पडद्याला नाक लावून बघायला लागले. मग तळाच्या काड्यांवर बोट ठेवलं. "गाना सरकाया ना तू? तो ये नीचेवाले?"

मी बघितलं. मुक्या पट्ट्यांच्या काड्याही गाण्याबरोबर सरकल्या होत्या. सगळं सिलेक्ट केलं म्हणजे हुकूमही सिलेक्ट होणार. दोन पट्ट्या वर नेलं की 'लांब'चा हुकूम 'चिमट्या'वर जाऊन बसणार आणि 'तुटक'चा 'थरथर'वर. तिथं लताबाई-आशाबाई कुणी आणून उभ्या केल्या असत्या तरी टुण टुणच वाजलं असतं! दुरुस्ती काय? वरच्या काड्या तेवढ्या उचलायच्या आणि खालच्यांना हात लावायचा नाही. दहा सेकंदांचं काम.

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चाचा शांतपणे म्हणाले, "उस बाई को कौन बोलेगा?"

"मी."

"कब?"

"परत येऊ द्या. कारखाना बंद झाला की जातो."

*

कारखाने बंद झाले, टोळ्या परत आल्या. मी उमापूरला निघालो. गाडी बदलायला गेवराईच्या स्टँडवर उतरलो, चहा प्यालो, आणि समोर बीडची गाडी लागलेली दिसली तिच्यात चढून परत आलो. आठ दिवसांनी पुन्हा निघालो. या वेळी दोन चहा प्यालो आणि परत आलो. काय तोंड घेऊन जायचं, तेच कळेना.

तिसऱ्या वेळी चाचा गाडीत माझ्या शेजारी येऊन बसले. "तू उतरेगा नै, मेरे कू मालूम है."

वस्तीवर गेलो. गयाबाई अंगणात सरपण रचत होत्या. उन्हानं पार काळवंडलेल्या. आम्हाला बघून धावपळ करून पाणी दिलं. मी नुसताच पाणी पीत राहिलो. शेवटी चाचाच म्हणाले, "बाई, शनिवारी बीडला या. सरांना तुमाला काहीतरी दाखवायचंय."

शनिवारी आल्या, पिशवीभर कैऱ्या घेऊन, "पोरांना लोणच्याला होतील" म्हणत. स्टुडिओच्या आत येईनात, उंबऱ्याशीच बसल्या. चाचांनी विचारलं, "तिकडं गात होता का?"

"न्हाई. टोळीतल्या बाया म्हणायच्या, म्हण गं, म्हण. मी म्हणलं, मशीननं सांगितलंय. काहून लोकांचे कान खराब करायचे?" असं म्हणून त्या हसल्या.

मला राहवेना. खुर्ची सोडून त्यांच्यासमोर खाली बसलो. "बाई, चूक माझी होती. तुमचा सूर चोख होता. मला कॉम्प्युटर नीट येत नव्हता आणि मी तुमच्यावर ढकललं. मशीननं काही सांगितलं नव्हतं, मी खोटं बोललो."

गयाबाईंनी चाचांकडे बघितलं. "बघा चाचा, किती मोठ्या मनाचा माणूस! गरिबाला बरं वाटावं म्हणून सोताच्या अंगावर घेतेत!"

"नाही हो! खरंच माझी चूक!"

"ऱ्हाऊ द्या सर. एवढं म्हणलात, भरून पावले."

मी जवळजवळ ओरडलोच, "थांबा! दाखवतो तुम्हाला!"

गाणं उघडलं. आधी रेकॉर्डिंगच्या दिवशी केलं होतं तसं, सगळंच्या सगळं दोन पट्ट्या वर. टुण टुण टुण. "हे त्या दिवशीचं. आठवतंय?" "व्हय, तवाच भरून ठिवलेलं," म्हणत त्यांनी मान हलवली. मग खालच्या काड्या जागेवर आणल्या, वरच्या तेवढ्या ठेवल्या. "आता हे ऐका. तुमच्याच पट्टीत, काळी पाचमध्ये. फक्त मी माझी चूक काढून टाकलीये."

स्पीकर मोठा केला. पन्नास व्हायोलिनांचा लांब सूर खोलीभर पसरला. पहिल्यांदाच ते गाणं त्यांच्या आवाजाच्या उंचीवर नीट वाजत होतं, गायिकेची जागा रिकामी ठेवून. चाचांनी हळूच ढोलकी धरली. गयाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. मुखडा यायच्या जागी त्यांची मान बरोब्बर हलायची. मला वाटलं, आता गातील, आता गातील. मी माइक चालू करून ठेवला होता. ओठ शेवटपर्यंत मिटलेलेच राहिले.

गाणं संपलं. मी वळलो. "पटलं ना, बाई? आता तरी पटलं?"

गयाबाईंनी डोळे उघडले, पदरानं पुसले आणि माझी समजूत घालावी तशा म्हणाल्या, "पटलं की, सर. मी तोंड उघडलं न्हाई, तर बघा कसं सरळ वाजलं!"